प्लास्टिकचा सांधा : मशीन घेण्याआधी माल ओळखा

आमची सारी उमर कापडाच्या धंद्यात गेली. सुती कापड, साडी, अस्तर, मग पॉलिस्टर, असा माल बदलत गेला. तरी दोन कापडे जोडायची म्हणजे सुई आणि दोरा, हेच आमच्या डोक्यात पक्के बसले होते. गेल्या काही वर्षांत मात्र आपल्या बाजारात असा बराच माल आला आहे, ज्याला सुई लावली की माल बिघडतो. ताडपत्री, रेनकोट, ट्रकचे कव्हर, शेततळ्याचे अस्तर, नॉनवोव्हनची पिशवी, तोंडावरचा मास्क, तयार कपड्यांची पारदर्शक थैली, हा सारा प्लास्टिकचाच परिवार आहे. यात सुईने केलेले प्रत्येक छिद्र म्हणजे पाण्याला दिलेली वाट. म्हणून हा माल शिवत नाहीत, वितळवून जोडतात. यालाच प्लास्टिकचे वेल्डिंग किंवा बोलीभाषेत सीलिंग म्हणतात.

या कामात आपले बरेच कारागीर आणि छोटे व्यापारी आता उतरत आहेत. कोणी पिशव्यांच्या धंद्यातून येतो, कोणी यंत्रमाग बंद पडल्यामुळे येतो. प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कोणते मशीन सर्वांत चांगले?" आमच्या मते हा प्रश्नच उलटा आहे. आधी विचारावे, आपला माल कोणत्या जातीचा आहे? मग विचारावे, हा सांधा पुढे काय सोसणार आहे? तिसरा प्रश्न, रोज किती काम आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की मशीन आपोआप ठरते. हा क्रम न पाळल्यामुळे आमचे स्वतःचे काय झाले, ते आधी सांगतो.

आमची चूक

मालेगावच्या आसपास कांद्याचे पीक मोठे. काढलेला कांदा शेतात ढिगाने पडलेला असतो आणि त्यावर ताडपत्री टाकावी लागते. आम्ही कापडाबरोबर ताडपत्रीही विकू लागलो होतो. २०१४ च्या सुरुवातीला आम्हाला विणलेल्या प्लास्टिक कापडाचे दोन लॉट स्वस्तात मिळाले. रंग सारखा, जाडी जवळपास सारखी, दोन्हींवर चकचकीत लेप. आम्ही दोन्ही लॉटचे पट्टे एकाआड एक जोडून मोठ्या ताडपत्र्या करायला दिल्या. काम करणारा कारागीर दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "सेठ, हे दोन माल एकसारखे वितळत नाहीत. एक लवकर पाणी होतो, दुसरा अडून बसतो." आम्हाला गिऱ्हाइकाची घाई होती. आम्ही म्हटले, "चिकटते आहे ना? मग चालू दे."

त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात गारपीट आणि अवकाळी पाऊस झाला. आमच्या ताडपत्रीचे कापड कुठेही फाटले नाही, पण वाऱ्याने ओढ बसताच सांधा कागद सोलावा तसा उकलत गेला. ज्या शेतकऱ्याचा रांगडा कांदा भिजला, तो दुकानावर आला. भांडला नाही. ताडपत्री काउंटरवर पसरून एवढेच म्हणाला, "शेठ, नवी होती ना?" आम्ही त्याचे पैसे परत केले, नवी ताडपत्री दिली, कांद्याच्या नुकसानीतही थोडा हात लावला. पूर्ण भरपाई मात्र आमच्याने झाली नाही.

नंतर तपासले तेव्हा कळले की एक लॉट एचडीपीईचा, म्हणजे पॉलिइथिलीनचा होता आणि दुसरा पॉलिप्रॉपिलीनचा. दिसायला सख्खे भाऊ, पण वितळून एकजीव होत नाहीत. वरवर चिकटतात इतकेच. दोष मशीनचा नव्हता, कारागिराचाही नव्हता. माल ओळखला नाही आणि ज्याने ओळखला होता त्याचे ऐकले नाही, हा दोष आमचा.

वेल्डिंग म्हणजे नेमके काय?

प्लास्टिक दोन प्रकारचे असते. एक प्रकार तापवला की मऊ होतो, थंड झाला की पुन्हा कडक होतो. पॉलिइथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, पीव्हीसी, नायलॉन, पॉलिस्टर ही सारी या प्रकारातली. यांचे वेल्डिंग होते. दुसरा प्रकार एकदा घट्ट झाला की पुन्हा वितळत नाही, तापवल्यास जळतो. बॅकलाइटची बटणे, मेलामाइनच्या बशा या प्रकारातल्या. यांचे वेल्डिंग कोणत्याही मशीनने होणार नाही.

वितळणाऱ्या प्लास्टिकचे रेणू म्हणजे एकमेकांत गुंतलेले लांब धागे समजा. दोन तुकड्यांचे पृष्ठभाग वितळवून दाबले की एका तुकड्याचे धागे दुसऱ्यात शिरतात. थंड झाल्यावर ते तिथेच अडकतात. हाच सांधा. म्हणजे गोंदासारखी तिसरी वस्तू मध्ये नसते, माल स्वतःच स्वतःला धरतो. यासाठी तीन गोष्टी लागतात : उष्णता, दाब आणि वेळ. चौथी गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे दाबात असतानाच थंड होऊ देणे. गरम असताना दाब काढला की अर्धवट गुंतलेले धागे सरकतात आणि सांधा कमजोर राहतो.

प्रत्येक जातीचे वितळण्याचे तापमान वेगळे. पातळ थैल्यांचे एलडीपीई साधारण १०५ ते ११५ अंश सेल्सियसला वितळते, एचडीपीई १३० च्या आसपास, पॉलिप्रॉपिलीन १६० ते १६५ ला. नेहमीचे नायलॉन २२० च्या जवळ, तर पॉलिस्टर २५० च्याही पुढे. पीव्हीसीला वितळण्याचा ठराविक अंश नाही. ते हळूहळू मऊ होत जाते आणि जास्त तापले तर जळून आम्लाचा उग्र वायू सोडते. एका जातीचा माल दुसऱ्या जातीशी का जुळत नाही, हे या आकड्यांवरून लक्षात येते. तापमान कसेबसे जुळवले तरी रेणूंचे जमत नाही, ते वेगळेच.

माल ओळखण्याच्या घरगुती परीक्षा

सूत जाळून सुती, रेशमी की पॉलिस्टर हे ओळखायची पद्धत आपल्या धंद्यात जुनी आहे. तीच इथे उपयोगी पडते.

पहिली परीक्षा पाण्याची. मालाचा लहान तुकडा पाण्यात पूर्ण बुडवा, त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने काढा आणि सोडा. पॉलिइथिलीन व पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके असल्याने वर येतात. पीव्हीसी, नायलॉन, पॉलिस्टर तळाला जातात.

दुसरी परीक्षा आगीची. नखाएवढा तुकडा चिमट्यात धरून, मोकळ्या हवेत, दुरून जाळा आणि धूर नाकात ओढू नका. पॉलिइथिलीन जळताना मेणबत्ती विझवल्यासारखा वास येतो आणि थेंब गळतात. पीव्हीसी ज्योत काढताच विझते, वास झोंबणारा असतो आणि ज्योतीच्या कडेला हिरवट झाक दिसते. नायलॉनचा वास केस जळाल्यासारखा असतो. पॉलिस्टर काळा धूर सोडून जळते.

पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन दोन्ही तरंगतात आणि जवळपास सारखेच जळतात. आम्ही फसलो ते इथेच. यांच्यासाठी तिसरी परीक्षा करावी. तापमान दाखवणारी तवी किंवा सीलिंग मशीनची पट्टी १४५ अंशांवर ठेवा, त्यावर टेफ्लॉनचे कापड घाला आणि दोन्ही तुकडे ठेवा. पॉलिइथिलीन वितळून चिकट होईल, पॉलिप्रॉपिलीन तसेच राहील. दोन मिनिटांचे काम आहे. आम्ही ते केले असते तर तो कांदा वाचला असता.

लेप दिलेल्या कापडात एक गोष्ट लक्षात ठेवावी. आत धागा पॉलिस्टरचा असेल आणि वर लेप पीव्हीसीचा असेल, तर वेल्डिंग लेपाचे होते, धाग्याचे नव्हे. म्हणून लेप कशाचा आहे, हे विचारूनच माल घ्यावा. पुनर्वापराच्या दाण्यापासून केलेला माल असेल तर जास्तच सावध राहावे. जुन्या प्लास्टिकवर प्रक्रिया करण्याचा उद्योग मालेगावात मोठा आहे. ज्याने जाती नीट वेगळ्या केल्या त्याचा माल चांगला जुळतो. ज्याच्या दाण्यात सरमिसळ आहे, त्याचा एकच रोल एका टोकाला जुळतो आणि दुसऱ्या टोकाला नाही.

पायडल सीलर : सर्वांच्या ओळखीचा

तयार कपड्यांच्या प्रत्येक दुकानात थैलीचे तोंड बंद करणारे हाताचे किंवा पायाचे मशीन असते. यात नायक्रोमची पातळ पट्टी असते, तिच्यावर टेफ्लॉनचे कापड. जबडा बंद झाला की क्षणभर वीज जाते, पट्टी तापते, थैली वितळते आणि वीज बंद झाल्यावर पट्टी लगेच थंड होते. पॉलिइथिलीन व पॉलिप्रॉपिलीनच्या पातळ थैल्यांसाठी यापेक्षा स्वस्त आणि सोपे काही नाही.

पण उष्णता बाहेरून आत जाते. माल जाड झाला की बाहेरची बाजू जळते आणि आतली कच्ची राहते. म्हणून हे मशीन पातळ मालासाठीच. दुसरे, घाईत पोरे दिवा विझताच जबडा उचलतात. दिवा विझल्यावर एक-दोन सेकंद दाबून ठेवावे. टेफ्लॉन काळे पडले की बदलावे, ते वाचवण्यात फायदा नाही.

गरम हवा आणि गरम पाचर : ताडपत्रीचे खरे मशीन

ताडपत्री, शेततळ्याचे अस्तर, मोठे मंडप यांसाठी दोन पद्धती चालतात.

पहिली गरम हवेची. नळीतून तापलेली हवा दोन थरांच्या मध्ये सोडतात आणि मागून रोलरने दाबतात. हवेचे तापमान मालाच्या वितळण्याच्या तापमानापेक्षा बरेच जास्त, कित्येकदा ३०० ते ६०० अंशांपर्यंत ठेवावे लागते, कारण हवा मालाला क्षणभरच लागते. हातात धरायची गन असेल तर चपट्या तोंडाची नळी आणि सिलिकॉनचा हातरोलर पुरतो. कोपरा, वळण, ठिगळ, ट्रकवर चढवलेल्या ताडपत्रीची जागेवर दुरुस्ती, ही कामे गरम हवेनेच होतात. पीव्हीसी आणि पॉलिइथिलीन दोन्हींना ती चालते. उणीव अशी की सारे कारागिराच्या हातावर आहे. हात रेंगाळला तर माल जळतो, हात पळाला तर सांधा कच्चा. शिवाय वारा आला तर हवा थंड पडते.

दुसरी गरम पाचरेची. धातूची तापलेली पाचर दोन थरांच्या मध्ये असते, दोन्ही थर तिला घासत पुढे जातात आणि लगेच दोन रोलरमध्ये दाबले जातात. उष्णता थेट जोडायच्या पृष्ठभागाला मिळते, म्हणून धूर कमी, वेग जास्त आणि वाऱ्याचा त्रास नाही. लांब सरळ सांध्यासाठी ही पद्धत उत्तम. वळणाला आणि कोपऱ्याला मात्र ती निरुपयोगी. पाचरेवर वितळलेला माल साचतो, तो वेळोवेळी साफ करावा लागतो.

शेततळ्याच्या अस्तरात दुहेरी पाचर वापरतात. तिने दोन समांतर सांधे होतात आणि मधे पोकळ वाट राहते. त्या वाटेची दोन्ही टोके बंद करून आत हवा भरतात. दाब टिकला तर सांधा अखंड, उतरला तर कुठे तरी छिद्र आहे. मालाचा तुकडाही न कापता पूर्ण सांधा तपासला जातो. २०१६ नंतर "मागेल त्याला शेततळे" योजनेमुळे राज्यात शेततळी वाढली, तसे अस्तराचे कामही वाढले. गळके शेततळे म्हणजे ऐन उन्हाळ्यात फळबागेचे नुकसान. म्हणून हे काम घेणाऱ्याने दुहेरी सांधा आणि हवेची परीक्षा टाळू नये.

विणलेल्या एचडीपीई ताडपत्रीत एक बारीक गोष्ट आहे. आतल्या पट्ट्या कारखान्यात ताणून केलेल्या असतात आणि त्यांचे बळ त्या ताणातच असते. वरचा लेप ११० च्या आसपास वितळतो, आतली पट्टी १३० ला. या वीस अंशांच्या फटीत आपले काम. उष्णता जास्त झाली की पट्टी आकसते, तिचा ताण जातो आणि ताडपत्री सांध्याच्या अगदी कडेला फाटते. गिऱ्हाईक म्हणते सांधा सुटला, पण खरे म्हणजे आपणच कापड मारलेले असते. आपल्याकडे विजेचा दाब वर-खाली होतो, त्याबरोबर हीटरही वर-खाली होतो. म्हणून व्होल्टेज स्टॅबिलायझर हा मशीनचाच भाग समजावा. संध्याकाळी दिवे लागल्यावर पुन्हा एक नमुना जोडून पाहावा.

हाय फ्रिक्वेन्सी : आतून येणारी उष्णता

पीव्हीसीचा रेनकोट, फायलीचे कव्हर, पाण्यावर तरंगणारी खेळणी, लेपाच्या कापडाचे ट्रक कव्हर, इतकेच काय, दवाखान्यातली रक्ताची पिशवीसुद्धा या पद्धतीने जोडतात. यात पितळी डाय असते. डायमधून विजेचे क्षेत्र मालात जाते आणि ते बहुधा सेकंदाला २ कोटी ७१ लाख वेळा उलटसुलट होऊन मूळ दिशेला येते. मशीनवर २७.१२ मेगाहर्ट्झ लिहिलेले असते ते हेच. पीव्हीसीच्या रेणूंना विजेच्या दृष्टीने दोन टोके असतात. क्षेत्र फिरले की तेही फिरायला बघतात आणि त्या हालचालीने माल आतूनच तापतो. डाय स्वतः तेवढी तापत नाही. त्यामुळे वीज बंद होताच सांधा दाबात थंड होतो. जाड मालही दोन-चार सेकंदांत एकजीव होतो, कडा स्वच्छ येते, आणि डायला धार असेल तर त्याच फटक्यात कापही होतो.

मात्र ज्यांच्या रेणूंना अशी दोन टोके नाहीत, त्यांच्यावर या मशीनचा असर नाही. पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन त्यात थंडच राहतात. हे न कळल्याने आमच्या ओळखीच्या एका कारागिराने कर्ज काढून जुने हाय फ्रिक्वेन्सी मशीन घेतले, तेही एचडीपीई ताडपत्री करण्यासाठी. विकणाऱ्याने "प्लास्टिकचे मशीन आहे" एवढेच सांगितले होते, आणि ते खोटेही नव्हते. महिनाभर तो मशीन दुरुस्त करवत राहिला. विकणारा म्हणे माल खराब, माल देणारा म्हणे मशीन खराब. दोन्ही ठीक होते, जोडी चुकली होती. शेवटी आम्ही त्याला पीव्हीसी लेपाचे कापड उधार दिले. त्याच मशीनवर तो आता ट्रकचे आणि टेम्पोचे कव्हर करतो. पण कर्जाचे ते सुरुवातीचे हप्ते विनाकारण गेले.

पीव्हीसीखेरीज पॉलियुरेथेनचा लेप असलेले कापड आणि काही प्रकारचे नायलॉनही यावर चालते. प्रत्येक आकाराला वेगळी डाय लागते, म्हणून रोज नवा नमुना बदलणाऱ्याला ही पद्धत महाग पडते. एकच नमुना हजारोंनी काढणाऱ्याला स्वस्त. डाय जितकी मोठी, तितकी मशीनची ताकद जास्त लागते. लहान मशीनवर मोठी डाय लावली की सांधा कच्चा निघतो. मशीनला अर्थिंग आणि संरक्षक जाळी असलीच पाहिजे. हातातले घड्याळ, अंगठी, कडे काढून ठेवावे. हृदयात पेसमेकर बसवलेल्या माणसाने या मशीनच्या जवळ थांबू नये. मालात ओल किंवा धातूचा कण राहिला की ठिणगी उडते आणि डायवर डाग पडतो.

अल्ट्रासॉनिक : कंपनाने जोडणारे

नॉनवोव्हन कापड आले तसे हे मशीन आले. यात हॉर्न नावाचा धातूचा भाग सेकंदाला २० हजार ते ४० हजार वेळा थरथरतो. खाली नक्षीचा रोलर किंवा ऐरण असते. मधे आलेल्या मालात घर्षणाने उष्णता निर्माण होते आणि तो ठिपक्या-ठिपक्यांनी जुळतो. सुई नाही, दोरा नाही, मशीन तापण्याची वाट पाहणे नाही. सिंथेटिक फीत किंवा कापड कापताना कडाही त्याच वेळी वितळून बंद होते, दोरे सुटत नाहीत. निव्वळ सुती माल यावर जुळत नाही. मिश्र मालात सिंथेटिकचा भाग निम्म्याहून बराच जास्त हवा. जाड ताडपत्री किंवा रुंद सांधा हे या मशीनचे काम नव्हे. ठिपक्यांचा सांधा हवा रोखतो असेही नाही. शिवाय मशीनचा कर्कश आवाज दिवसभर कानाशी असतो, कारागिराला कानात घालायचे बूच द्यावे.

२०२० च्या कोरोना काळाने या दोन गोष्टींतला फरक साऱ्यांना शिकवला. मास्कचे थर आणि कानाची फीत अल्ट्रासॉनिकने जुळत होती. पण पीपीई किट शिवून चालत नव्हते, कारण सुईच्या छिद्रातून द्रव आत जातो. म्हणून शिवणीवर गरम हवेने टेप चिकटवणारे मशीन लागले आणि ते एकदम दुर्मिळ झाले. नायलॉनच्या चांगल्या रेनकोटातही हीच रीत आहे : आधी शिलाई, मग आतून टेप. पुढे मागणी ओसरली आणि पुष्कळांची मशीने झाकून ठेवली गेली. ज्याने टेपचे मशीन रेनकोटाकडे वळवले तो तरला.

पिशव्यांच्या धंद्यात कायद्याकडेही डोळे हवेत. २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली तेव्हा पॉलिप्रॉपिलीन नॉनवोव्हनच्या पिशव्याही तिच्यात आल्या. "कापडी पिशवी" समजून मशीन घेतलेले लोक अडचणीत आले. केंद्राच्या नियमांनी ३० सप्टेंबर २०२१ पासून ६० जीएसएमपेक्षा कमी वजनाच्या नॉनवोव्हन पिशवीला मनाई केली. नियम बदलत असतात, म्हणून मशीनचा बयाणा देण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाचा त्या दिवशीचा नियम लेखी पाहावा.

हिशेब कसा करावा?

एक उदाहरण घेऊ. ३० फूट बाय ४० फूट ताडपत्री, कापडाचा पन्हा ६ फूट. पाच पट्टे लागतील आणि चार सांधे, प्रत्येकी ४० फुटांचे. म्हणजे एकूण १६० फूट, सुमारे ४९ मीटर सांधा. समजा हातातल्या गनने कारागीर मिनिटाला अर्धा मीटर जोडतो, तर जवळजवळ शंभर मिनिटे लागतील. पाचरेचे मशीन मिनिटाला तीन मीटर चालले तर सतरा मिनिटांत काम होईल. पीव्हीसी माल असेल आणि हाय फ्रिक्वेन्सीची तीन फुटी डाय असेल तर ५६ दाब द्यावे लागतील. आपल्या वेगाचे आकडे आपण स्वतः घड्याळ लावून काढावेत, विकणाऱ्याच्या कागदावरचे घेऊ नयेत.

याच उदाहरणात आणखी एक हिशेब आहे. प्रत्येक सांध्याला दोन इंच माल एकमेकांवर चढतो. चार सांध्यांचे आठ इंच गेले. म्हणजे ताडपत्री ३० फूट न राहता २९ फूट ४ इंच भरते, कडेची घडी वेगळीच. गिऱ्हाइकाला ३० सांगायचे असेल तर कापड तेवढे जास्त धरावे. नाहीतर तयार माप स्पष्ट लिहून द्यावे.

दिवसाला दोन-तीन ताडपत्र्या आणि बाकी दुरुस्ती असेल तर गरम हवेची चांगली गन पुरे. तिथे मोठे मशीन म्हणजे नाकापेक्षा मोती जड. रोज शेकड्यांनी मीटर सरळ सांधा असेल तर पाचर. पीव्हीसीचा एकच नमुना भरपूर असेल तर हाय फ्रिक्वेन्सी. पातळ नॉनवोव्हन आणि फितीसाठी अल्ट्रासॉनिक. थैल्यांसाठी पायडल सीलर. मशीन घ्यायला जाताना आपल्याच मालाचे पट्टे सोबत न्यावेत आणि समोर जोडून घ्यावेत. विकणाऱ्याकडचा नमुना नेहमीच छान जुळतो.

सांध्याची परीक्षा

माल देण्याआधी सांध्याची परीक्षा घ्यावी. जोडलेल्या मालातून दोन इंच रुंदीचा पट्टा सांध्याला आडवा कापा. तो पूर्ण थंड होऊ द्या, दुसऱ्या दिवशी पाहिले तर उत्तम. मग दोन परीक्षा करा. पहिली, पट्ट्याची दोन्ही टोके विरुद्ध दिशांना सरळ ओढा. दुसरी, सांध्याची दोन पाने दोन हातांत धरून सोला. सरळ ओढीला कच्चा सांधाही टिकतो, सोलण्यात त्याचे पितळ उघडे पडते. आमच्या त्या ताडपत्र्या आम्ही फक्त ओढून पाहिल्या होत्या.

सोलताना कापड फाटले आणि सांधा टिकला तर काम पक्के. दोन पाने स्वच्छ सुटली तर उष्णता किंवा दाब कमी, किंवा माल वेगळ्या जातीचे. सांधा टिकला पण लेप कापडावरून निघाला तर दोष मालाचा, तो रोल परत करावा. सांध्याच्या कडेला फाटले तर उष्णता जास्त. असा तुकडा तारीख, मशीनचे तापमान आणि रोलचा नंबर लिहून जपून ठेवावा. तक्रार आली तर तो तुकडाच आपला साक्षीदार. सरकारी किंवा मोठ्या खरेदीसाठी एचडीपीई ताडपत्री करायची असेल तर भारतीय मानक ७९०३ पाहावे. विणलेल्या एचडीपीई अस्तरासाठी १५३५१ आहे.

जोडण्याआधी धूळ, तेल, ओल पुसणे ही साधी गोष्ट, पण निम्मे कच्चे सांधे तिथेच होतात, असा आमचा तजुर्बा आहे. खोलीला हवा हवी, विशेषतः पीव्हीसीचे काम असेल तर. धूर कारागिराच्या छातीत जातो.

आमच्याकडे आता नवा रोल आला की तो कापण्याआधी कारागिराच्या हातात एक तुकडा देतो आणि विचारतो, "कसा वितळतो?" तो नको म्हणाला तर रोल परत जातो, मग भाव कितीही स्वस्त असो. त्या शेतकऱ्याने पुढच्या हंगामात आमच्याकडूनच ताडपत्री घेतली. घेण्याआधी त्याने सांधा दोन्ही हातांनी सोलून पाहिला. आम्ही त्याला अडवले नाही. गिऱ्हाइकाच्या आधी तो आपण सोलून पाहिला असेल, तर मन निश्चिंत राहते.